साडूचं छप्पर

पुढे जे सांगायचं आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि कुणाचा बसलाच, तर त्या माणसाने एकही उन्हाळा सरकारी पत्र्याखाली काढलेला नाही असं खुशाल समजावं. भावाच्या बढतीचा, शेजाऱ्याच्या गाडीचा, मित्राच्या बायकोचा मत्सर करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. छपराचा मत्सर करणारा माणूस मात्र आजवर एकच होऊन गेला. आणि छप्पर म्हणजे छप्परच. खाली कौलं, वर पत्रा, मधे एक वीत हवा.

कचेरीत त्याला फूटपट्टी म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. लष्कराच्या इमारती कशा असाव्यात याची नियमावली जिथे लिहितात त्या विभागात त्याने बावीस वर्षं काढली होती. कुठल्याही दारातून आत येताना तो न मोजता सांगायचा, तीन फूट चार इंच, दोन इंच कमी. दाताच्या डॉक्टरने आ करायला सांगितलं तेव्हा त्याने "किती?" असं विचारलं, हा किस्सा तर खालच्या मजल्यावरचे लोक शपथेवर सांगत. त्याच्या जगात वाक्यांचे तीनच प्रकार होते. 'शक्यतो असावे' म्हणजे कुणी करणार नाही. 'असावे' म्हणजे तपासणी असेल तिथे करतील. आणि 'असलेच पाहिजे' म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे जिथे एखादा जवान बूट काढून पाठ टेकणार, तिथे तिथे ते असणार. हजारो 'असलेच पाहिजे' त्याच्या हातून लिहून झाले होते, टपोऱ्या, ताठ अक्षरात. त्यातलं एकही त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. समितीने सांगायचं, वरच्यांनी सुधारायचं, त्याने लिहायचं. ही गोष्ट त्याला बावीस वर्षं ठाऊक होती आणि एका सोमवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत तिचा काही त्रास नव्हता.

अकरा वाजता नियमावलीच्या नव्या प्रकरणाची फाईल टेबलावर आली. कमी वीज, कमी पाणी, जवळपासची माती आणि चाळीस वर्षं न खचणाऱ्या भिंती, असं ते प्रकरण होतं. त्यावर तो दीड वर्ष खपत होता. फाईल उघडली तर पहिल्याच पानावर एक फोटो चिकटवलेला. लांबलचक, ठेंगणी, मातकट रंगाची बराक. छपरावर दुसरं छप्पर, जसं एखाद्याने डोक्यावर हात धरावा तसं. खाली टंकलेलं होतं, 'नमुना इमारत. दुहेरी छप्पर: असलेच पाहिजे. (प्रस्तावित)'. आणि बराकीपुढे, डोळ्यांवर हाताचा पंजा धरून हसत उभा होता तो त्याचा साडू. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसा फूटपट्टी बसल्या खुर्चीत अडखळला. पण माणूस शेवटी हाडाचा मापाडी. एवढं होऊनही त्याच्या डोळ्यांनी आधी टिपलं ते हे, की पागोळीची, म्हणजे छपराच्या बाहेर काढलेल्या कडेची, सावली बरोबर साडूच्या बुटांच्या टाचांवर पडली आहे. भर दुपारी, भिंतीवर उन्हाचा एक ठिपका नाही. पागोळी किती बाहेर काढली असेल याचा हिशेब त्याने मनातल्या मनात केला आणि तो बिनचूक आला, आणि तिथूनच ती आंबट चव सुरू झाली, जी पुढे दोन महिने जिभेवरून गेली नाही.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघे एकाच खात्यातले. हा कागदावरचा, तो मातीतला. हा लिहायचा, तो बांधायचा. सासरी दोघांना थोरले आणि धाकटे म्हणत. थोरले आधी आले, चार वर्षं त्या घरात एकटेच जावई होते, आणि मग धाकटे आले तेव्हा थोरल्यांचं एकदम घरातल्या कपाटासारखं झालं. कपाट कुणी हलवत नाही, कुणी वाईट बोलत नाही, आणि कुणी बघतही नाही. सासूबाई दोघांना एकाच किटलीतला चहा देत, पण धाकट्यापुढे कप ठेवून क्षणभर थांबत आणि विचारत, "गोड झालाय ना?" थोरल्याला साखर किती लागते हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता. पाठ असणं हे प्रेमच की, असं तो स्वतःला समजावायचा, आणि चहा घोटाघोटाने कडू होत जायचा. धाकट्याने साधं बसमधून उतरल्याचं सांगितलं तरी माणसं खुर्च्या ओढून जवळ बसत. त्याच्या गोष्टीत बस नेहमी थोडी जास्त भरलेली असे, वाहक थोडा जास्त खवट असे. खोटं म्हणावं असं नाही. पण माप सैल. फूटपट्टी हे सगळं भिंतीला टेकून ऐकत असे. आणि ऐकता ऐकता त्याला बायकोचा वरचा तिरका दात दिसे. ती मोठ्याने हसली की तो दात दिसायचा. धाकट्याच्या गोष्टीला तो दर वेळी दिसायचा. आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात, आपण काही बोललो म्हणून तो दात शेवटचा कधी दिसला, याची तारीख काढायचा त्याने एकदा प्रयत्न केला होता. तारीख सापडली नाही. अशा गोष्टींची नोंदवही ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने घरी फोटोची गोष्ट काढली, अगदी सहज, मोजे काढता काढता.

"अगोबाई, फोटोसकट? छोटीला कळवलंत का?" बायको म्हणाली.

"अजून मसुदा आहे. कळवायचं काय त्यात."

"पण सगळीकडे तसलंच छप्पर होणार ना आता?"

"झालं तर."

"आणि तुमचं नाव कुठे असतं हो त्यात?"

"शेवटच्या पानावर. तयार करणार म्हणून."

"बारीक अक्षरात," ती म्हणाली, आणि हसली नाही, त्याच्या मोज्यांना मात्र नाक मुरडून ते बाहेर टाकून आली. वाईट हेतू नव्हता तिचा. पण ते 'बारीक अक्षरात' त्याच्या कानात मुंगीसारखं शिरलं. मग त्याला सात वर्षांपूर्वीची सासऱ्यांची गच्ची आठवली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघे साडू उभे होते, खाली बायका बोलत होत्या, गच्चीची फरशी चपलेतूनही पोळत होती. तेव्हा दोघांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, "एका छपरावर दुसरं घातलं तर खालचं बिचारं सावलीत बसेल." इतकी वर्षं हे वाक्य त्याला स्वतःच्या आवाजात ऐकू येत असे. म्हणजे कल्पना आपली. धाकट्याने उचलली, बांधली, फोटो काढून घेतला. हा विचार त्याने आठवडाभर आंजारला, गोंजारला, त्याला अंगाखांद्यावर खेळवलं. आणि मग एके दिवशी दाढी करताना, अर्ध्या गालाला साबण असताना, त्याच्या ध्यानात आलं की त्या वाक्यात 'बिचारं' हा शब्द आहे. त्याने जन्मात छपराला बिचारं म्हटलं नसतं. तो म्हणाला असता, तापमान कमी राहील. आरशातला माणूस तसाच उभा राहिला, वस्तरा हवेत. मग त्याने उरलेला गाल जरा जोरात खरवडला.

आता नियम असा होता की 'असलेच पाहिजे' होण्याआधी नमुना इमारतीची तपासणी व्हायची. भर उन्हाळ्यातला एक दिवस, दुपारी बारा ते पाच, दर अर्ध्या तासाला खाटेच्या उंचीवर तापमान मोजायचं आणि वहीत लिहायचं. आपोआप नोंद करणारं यंत्र मागवून तीन वर्षं झाली होती. ते कुठल्या तरी सहीपाशी अडलं होतं. तपासणीला सहसा कुणी तरुण जाई. या वेळी फूटपट्टीने स्वतःचं नाव पुढे केलं. समितीचे अध्यक्ष, निवृत्तीला टेकलेले कर्नल, चष्म्यावरून बघत म्हणाले, "साडू ना तुमचा? घरच्याची परीक्षा घरच्यानेच घ्यायची?"

"घरचा आहे म्हणूनच जास्त कडक घेईन, सर."

"तेही खरं. तुमच्या आकड्याला कोण हात लावणार?" कर्नल म्हणाले आणि सही केली. त्यात टोमणा नव्हता. बावीस वर्षांत त्याच्या एका आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्याच्याजवळ तेवढीच एक मिळकत होती.

तपासणीच्या दिवशी बाहेर एक्केचाळीस अंश होतं. छावणीचं मैदान तव्यासारखं पसरलेलं. गाडीतून उतरल्यावर डोळ्यांच्या कडा चुरचुरल्या. बराकीची देखभाल करणारा हवालदार दारात उभा होता, पन्नाशीचा, संथ बोलणारा, शब्द मोजूनमापून देणारा. "आत या साहेब," तो म्हणाला, "बाहेर उभं राहण्यात अर्थ नाही." उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि फूटपट्टीच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला, ओळखीच्या कुणी मागून हात ठेवावा तसा. त्याने तो हात झटकायला मान हलवली. जवान कामावर गेलेले. खाटांच्या दोन रांगा, प्रत्येकीखाली एक पेटी आणि बुटांचा एक जोड, टाचा एका रेषेत. तो लगेच दोष शोधायला लागला. दार मोजलं, बरोबर. पागोळी मोजली, बरोबर. शिडी लावून दोन छपरांमधली वीत मोजली. नऊ इंच सांगितलं होतं, नऊच होतं, दहा ठिकाणी नऊच. त्या फटीतून एक सततची झुळूक वाहत होती, तिने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. त्याला वाटलं, चला, इथे पक्षी घरटी करणार, घाण होणार, हा घ्या दोष.

"पक्ष्यांचं काय?" त्याने शिडीवरून विचारलं.

"पहिल्या वर्षी होते पारवे. मग ही बांधणाऱ्या साहेबांनी जाळी मारली. स्वतःच चढले होते वर. पँट फाटली त्यांची," हवालदार म्हणाला आणि आठवून हसला. इथेही धाकटा. इथेही हसू. "जुन्या बराकीत पोरं उन्हाळ्यात खाटा उचलून मैदानात झोपायची, साहेब. एकाला विंचू चावला. आता सुट्टीवर गेलेली पोरंसुद्धा लवकर परत येतात. हे आपलं मी वाढवून सांगतोय, पण एक आला होता खरंच."

सांडपाणी मागच्या झाडांना जात होतं. झाडं डोक्याइतकी उंच झाली होती. मातीच्या विटांना हाताने चाचपलं तर एक कण निसटला नाही. फूटपट्टी मधल्या खाटेवर बसला, तापमापक खाटेच्या दांड्याला टांगला, वही मांडीवर घेतली. बारा वाजता अठ्ठावीस. साडेबाराला साडेअठ्ठावीस. एकला एकोणतीस. दीडला एकोणतीस. प्रत्येक आकडा लिहिताना एखाद्या परक्याच्या लग्नाची पत्रिका आपल्या हाताने लिहीत असल्यासारखं त्याला वाटत होतं. या छपरावर उद्या देशभर शिक्का बसणार. हजारो खाटा, हजारो पाठी, आणि प्रत्येक पाठीला असं वाटणार की कुणीतरी आपला विचार केला. कुणी केला? धाकट्याने. आणि ते 'असलेच पाहिजे' लिहायचं कुणी? थोरल्याने, टपोऱ्या अक्षरात. वरची हवा सरसरत होती. लांब कुठेतरी कवायतीच्या शिट्ट्या, त्या मातीच्या भिंतीतून गाळून आल्यासारख्या मऊ. गेले दोन महिने त्याला नीट झोप नव्हती. घरी पंखा फिरायचा आणि पंख्याबरोबर तो फोटो फिरायचा. त्याने जरा पाठ टेकली, खाटेची लांबी पुरेशी आहे का ते बघावं म्हणून. पुरेशी होती. पाच मिनिटं त्याचा डोळा लागला. पाचच मिनिटं, असं तो उठल्यावर स्वतःला म्हणाला.

उठला तेव्हा दारातलं ऊन उंबरठ्यावरून उठून पार मैदानात गेलं होतं आणि घड्याळात पावणेपाच झाले होते. वहीत दोनपासून साडेचारपर्यंत सहा चौकटी कोऱ्या. कोरी चौकट त्याने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. ती पडलेल्या दातासारखी दिसत होती. अशा वेळी काय करायचं याचा नियम त्यानेच लिहिला होता: एक नोंद चुकली तर तो दिवस बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. पुन्हा बसायचं म्हणजे हवालदाराला सांगायचं. का, ते सांगायचं. मग ते कुणाकडून तरी सासरी पोचणार, आणि धाकटा ते खुर्च्या ओढून बसलेल्या माणसांना सांगणार, थोडं वाढवून. आणि दात दिसणार. त्याने पेन काढलं. दोन वाजता तीस, असं त्याने लिहिलं, आणि ते बहुधा खरंही असेल. अडीचला त्याच्या मनात फोटोतला पंजा आला, डोळ्यांवर धरलेला. त्याने तेहतीस लिहिलं. तीनला 'गोड झालाय ना?' आलं, सदतीस. साडेतीनला छत्तीस, मग पस्तीस, मग तेहतीस. आकडे कसे सुबक चढले आणि सुबक उतरले. खऱ्या उष्णतेला एवढं वळण नसतं. पाचची नोंद त्याने प्रामाणिकपणे तापमापक बघून केली, एकोणतीस, पण मघाच्या तेहतीसशेजारी ती वेडीवाकडी दिसायला लागली, म्हणून तिचं बत्तीस केलं. वही मिटली. बाहेर पडताना उन्हाने तोंडावर चापट मारली, आणि त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. याची त्याला थोडी भीतीही वाटली, पण गाडीत बसेपर्यंतच.

समितीची बैठक आठवड्याने भरली. लांब टेबल, काचेचे पेले, खिडकीला जाड पडदे. कर्नल मधे, एका बाजूला धाकटा, गडद सदऱ्यात, बांधकामाच्या नकाशांची गुंडाळी मांडीवर धरून. आणि टेबलाच्या टोकाला, वापरणाऱ्यांच्या वतीने बोलावलेला हवालदार, टोपी गुडघ्यावर ठेवून. "दादा, बरे आहात ना?" धाकट्याने हळूच विचारलं. "वजन उतरलंय तुमचं." फूटपट्टीने मान हलवली आणि वही उघडली. तो नुसते आकडे वाचणार होता. बावीस वर्षं त्याने नुसते आकडेच वाचले होते, आणि त्या वेळात समिती बिस्किटं खात असे. पण 'तीन वाजता सदतीस' म्हणताच पेले थांबले. कर्नलांनी चष्मा काढला.

"सदतीस? दुहेरी छपराखाली?"

"मी स्वतः बसून होतो, सर," तो म्हणाला, आणि त्याच्या कानांवर त्याचा विश्वास बसेना, कारण आवाजाला एक चढ आला होता. "खाटेच्या दांड्याला हात लावला तर चटका बसला. पेनमधली शाई पातळ होऊन वहीवर फुटली." कुणीतरी हसलं. चांगलं हसलं, पुढे ऐकायचं म्हणून हसलं. खुर्च्या किंचित सरकल्या. हे असं असतं तर, त्याच्या मनात आलं. हे सैल माप, ही सैल मापाची ऊब. इतकं सोपं होतं हे, आणि आपण बावीस वर्षं भिंतीला टेकून राहिलो. खोट्याला पंख फुटतात म्हणतात. त्याच्या खोट्याला शेपूटही फुटली, तुरा फुटला, आणि ते टेबलावरून नाचत गेलं. भिंतीवरची पाल गरमीने सोडून गेली, असं तो म्हणाला. मेणाच्या पट्टीने बंद केलेला बुटांच्या पॉलिशचा डबा आपोआप उघडला, असं तो म्हणाला. कुणीतरी टेबलावर थाप मारली. मग त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा हसत नव्हता. तो आपल्या नकाशाच्या गुंडाळीकडे बघत होता.

"असेल," धाकटा म्हणाला. "दादांनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. माझंच कुठेतरी चुकलं. पोरं बरं म्हणायची, पण पोरं मला खूश करायला म्हणत असतील." त्याने गुंडाळीला रबर लावलं. "कलम काढून टाका, सर."

खरं सांगायला अजून वेळ होता. एक घोट पाणी पिण्याएवढा. कलम काढलं की पुढची वीस वर्षं जवान खाटा उचलून मैदानात जाणार, हे फूटपट्टीला चौकटीतल्या आकड्यासारखं स्वच्छ दिसलं. धाकट्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला ओळखीचं वाटलं. भिंतीला टेकलेल्या माणसाचा चेहरा. हा चेहरा बघायला मिळावा म्हणून दोन महिने तो जळला होता, आणि आता मिळाला होता तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. तोंड उघडावं, चूक झाली म्हणावं. त्याने तोंड उघडलं. "पाच तास," त्याच्या तोंडाने सांगितलं, "पाच तास मी पापणी लवू दिली नाही, सर. घाम डोळ्यांत जात होता."

कर्नलांनी लाल पेन्सिल उचलली आणि शिरस्त्याप्रमाणे टेबलाच्या टोकाकडे बघून विचारलं, "वापरणाऱ्यांचं काही म्हणणं?"

हवालदार उभा राहिला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो फूटपट्टीकडेच बघून बोलला, हळू, जरा शरमून, जणू चूक त्याचीच होती.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास होतोय, माफ करा. पण तीन वाजता तुम्ही पाय पोटाशी घेऊन झोपला होता. गार लागत असेल म्हणून मी तुमच्या अंगावर चादर घातली. आणि तुम्ही उठायच्या आत काढून नेली, म्हटलं उगाच साहेबांना अवघडल्यासारखं नको."